खोकला आमचा, हप्ताही आमचाच

बचत करा, आरोग्य मिळवा. असा फलक आमच्या बिल्डिंगच्या गेटावर लागलाय. फलकावरची बाई हसतेय. नवं लुगडं, हातात पासबुक, मागं हिरवं झाड. ही बाई माहुलची नाही हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. माहुलच्या बाईला एवढं तोंड उघडून हसता येत नाही, मधेच खोकल्याची उबळ येते. आणि आमच्या मागं झाड नाही, रिफायनरीची चिमणी आहे. रात्री लाईट गेली तरी तिच्या जाळावर भांडी घासता येतात.

ह्या फलकाविरुद्ध मला लिहायचंय. तू कोण लिहिणारी, असं विचाराल, तर मी गटाची वही लिहिते. बारा बाया, महिन्याला दोनशे रुपये. धुणंभांडीवाल्या, झाडूवाल्या, कचऱ्यावर जाणाऱ्या. दहावीपर्यंत गेलेली मी एकटी, म्हणून वही माझ्याकडं.

बचत गट वाईट, असं मी म्हणतेय असं कुणी समजू नका. गट नसता तर आमच्यातल्या निम्म्या बाया आजही महिन्याला शेकडा दहानं पैसे उचलत राहिल्या असत्या. गटानं आम्हाला बँकेच्या काउंटरपुढं उभं राहायला शिकवलं, साहेबाला "कां?" विचारायला शिकवलं. १९९२ साली नाबार्डनं गट आणि बँक जोडायला घेतले, त्याच्या किती आधीपासून आपल्या आया भिशी चालवत होत्या. तेव्हा कुणी त्याला सूक्ष्म वित्त म्हणत नव्हतं. १९७५ साली प्रेमा पुरव बाईंनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते ह्याच मुंबईत. तेव्हा भांडण गटाशी नाही. भांडण हे, की आता गटाच्या गळ्यात दवाखाना बांधायला निघालेत, आणि दोरी आमच्याच लुगड्याची.

कागद असा आहे. एक संस्था आलीय, नाव लिहीत नाही, उद्या दुसरी येईल. प्रत्येक बाईनं महिन्याला आणखी शंभर रुपये भरायचे. त्याचा आरोग्य निधी. बाई ॲडमिट झाली तर निधीतून काही हजार मिळणार. खर्च त्याच्यावर गेला तर एका फायनान्स कंपनीकडून "आरोग्य कर्ज", दोन दिवसांत, बिनतारण. बिनतारण म्हंजे सोनं नको, खोलीचे कागद नकोत. मग तारण काय? मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय : गटाची सामुदायिक हमी. म्हंजे तारण आम्ही! एक बाई अंथरुणाला खिळली, कामावर गेली नाही, हप्ता चुकला, की बाकीच्या अकरा जणींनी तो भरायचा. नाही भरला तर पुढचं कर्ज कुणालाच नाही. मग आम्हीच जाऊन त्या आजारी बाईच्या उंबऱ्यावर बसायचं. तिच्या तोंडाला मास्क लावलेला आणि आम्ही विचारणार, "वहिनी, हप्त्याचं काय केलंस?" सावकाराला आता काठी घेऊन दारात यायची गरज उरली नाही. त्यानं शेजारीणच नेमलीय, बिनपगारी.

संस्थेच्या ताई म्हणाल्या, "पण आजारपणामुळंच तर गरीब माणूस कर्जात जातो ना!" जातो की. मला काय सांगता? वही माझ्याकडं आहे. गटातून कर्ज कशासाठी उचललं, हे लिहायचा एक रकाना असतो. निम्म्याहून जास्त ओळींपुढं एकच शब्द : दवाखाना. पण त्या शब्दाच्या पोटात काय काय असतं ते तुमच्या कागदाला ठाऊक नाही. त्यात ऑपरेशन क्वचित असतं. त्यात रिक्षाचं भाडं असतं, कारण दम लागलेल्या म्हातारीला बसच्या दांड्याला लोंबकळत नेता येत नाही. त्यात बाहेरून काढून आणायला सांगितलेला एक्स-रे असतो. त्यात पोराच्या वाफेचं यंत्र असतं. अंगावरच्या चट्ट्यांचं मलम असतं, ते दोन महिने लावायचं असतं आणि ट्यूब आठ दिवसांत संपते. आणि सगळ्यात मोठी रक्कम कशाची? बुडालेल्या रोजाची. पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर स्वस्त आहे, मान्य. पण त्या केसपेपरसाठी सकाळी सातला रांगेत उभं राहायचं, दुपारी नंबर लागतो, तोवर दोन घरची भांडी बुडाली. मालकीण म्हणते, उद्यापासून नको येऊस. हा खर्च कुठल्या विम्यात बसतो, सांगा.

महात्मा फुल्यांच्या नावानं सरकारची जन आरोग्य योजना आहे. नाव थोर. त्या योजनेनं मोठी ऑपरेशनं झालेली माणसं आमच्या बिल्डिंगीत आहेत, मी ते नाकारत नाही. पण योजना लागू व्हायला यादीतला आजार लागतो आणि ॲडमिट व्हावं लागतं. आमचा आजार ॲडमिट होत नाही. तो घरात राहतो, आमच्याबरोबर जेवतो, आमच्याबरोबर झोपतो. रोजचा दम, रोजची खाज, रोजचं डोळ्यातलं पाणी. त्याला गोळी लागते, पंप लागतो, आणि तो पंप महिन्याच्या महिन्याला लागतो. टीबीच्या गोळ्या फुकट मिळतात, चांगलं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून खाण्यापिण्यासाठी महिन्याला हजार रुपयेही धरलेत. पण टीबीची पेशंट ज्या हवेत त्या गोळ्या गिळते, ती हवा कोण बदलणार? सावित्रीमाई १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेली. तिनं आधी कार्ड नाही मागितलं, की तुझा आजार यादीत आहे का नाही हे नाही बघितलं.

आता मुळाशी जाऊ. हा आजार आला कुठून? संस्थेच्या कागदात आजार पावसासारखा पडतो, वरून, कुणाच्याही मर्जीविना. माहुलचा आजार पावसासारखा पडलेला नाही. त्याला पत्ता आहे. १९५४-५५ साली इथं तेल शुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे राहिले. मग खताचा कारखाना, वीज, रसायनांच्या टाक्या. माहुल आणि आंबापाड्याचे कोळी लोक आधीपासूनचे, त्यांनी ही हवा पहिल्यांदा खाल्ली, आणि कोर्टकचेरीही त्यांनीच पहिल्यांदा केली. २०१३ साली केईएमच्या डॉक्टरांनी इथं पाहणी केली. शंभरातल्या ६७ माणसांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत होता. २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं निकाल दिला, की इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका दिसतो आहे. हे सगळं कागदावर आलं. आणि त्यानंतर, नीट ऐका, त्या-नं-तर, २०१७ साली आम्हाला इथं आणून टाकलं.

आम्ही घाटकोपरचे. तानसाच्या पाण्याची मोठी पाइपलाइन जाते तिच्या कडेला आमची झोपडी. पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर मोकळं करा, असा हुकूम होता. मुंबईनं पाणी पिण्यासाठी आम्हाला उचललं आणि जिथं कुणी स्वखुशीनं राहत नाही तिथं, ७२ बिल्डिंगींच्या वसाहतीत, फेकलं. गावकुस नावाची गोष्ट गावातच राहिली असं ज्याला वाटतं त्यानं एकदा माहुलला यावं. गाव बदललं, कुस तीच.

घाटकोपरचा आमचा गट त्या वेळी फुटला, हे ह्या चर्चेत कुणी धरत नाही. वीस बाया होतो. कुणाला खोली मिळाली, कुणाला मिळाली नाही, कुणी कल्याणकडं भाड्यानं गेली. बँकेचं खातं घाटकोपरला, आम्ही माहुलला. कामाची घरं तिकडं, दोन बशी बदलून जायचं, एकेकीनं काम सोडलं. म्हंजे ज्या वेळी आजार वाढला त्याच वेळी बचत आटली. आणि आता, आटलेल्या विहिरीतून आणखी शंभर रुपये काढा, असं सांगायला फलक लागलाय.

कर्ज आणि दवाखाना एका दावणीला बांधले की काय होतं ते आपल्याच मुलखात दिसलंय. आमच्या गटातल्या दोघी बीडकडच्या. त्यांच्या बहिणी, भावजया आजही ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता, सहा महिने फडात. पाळीत अंग दुखलं, खाडा पडला, की दंड. मग दवाखान्यात जायचं, डॉक्टर म्हणतो, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." ऑपरेशनला पैसे? मुकादम देतो, पुढच्या उचलीत धरतो. २०१९ साली सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची माहिती काढली, त्यातल्या १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. ह्या बाया दलित आहेत, बंजारा आहेत, वंजारी आहेत. कर्ज मिळालं की नाही? मिळालं! दवाखाना मिळाला की नाही? मिळाला! दोन्ही मिळाले आणि बाई तिशीत रिकामी झाली. दवाखाना दारात आणणं एवढ्यानं भागत नाही, त्या दवाखान्याचा पैसा कुणाच्या मुठीत आहे ते आधी बघावं लागतं.

फायनान्स कंपन्यांचं म्हणाल, तर त्यांनी २०१० साली आंध्रात काय केलं ते जगजाहीर आहे. बाया हप्त्यापायी जीव द्यायला लागल्या तेव्हा तिथल्या सरकारला ऑक्टोबरात वटहुकूम काढावा लागला. त्याच्या चारच वर्षं आधी ह्याच धंद्याच्या गुरूला, बांगलादेशच्या मुहम्मद युनूसला, नोबेल मिळालं होतं. आणि आपली रिझर्व्ह बँक काय म्हणते? २०२२ च्या नियमात ती म्हणते, की वर्षाला तीन लाखांच्या आत कमावणाऱ्या घराला हे कर्ज द्या, फक्त सगळे हप्ते मिळून घरच्या कमाईच्या निम्म्यावर जाऊ देऊ नका. निम्म्यावर! ही म्हणे आमची काळजी. दहा हजार मिळवणाऱ्या घरानं पाच हजार हप्त्यात घातले तर नियमाच्या दृष्टीनं सगळं आलबेल. उरलेल्या पाचात रेशन, वीज, शाळा आणि श्वासाचा पंप. व्याजावर असलेली वरची मर्यादासुद्धा त्याच नियमांनी उठवली.

मग दुसरं काही होत नाही का? होतं, आणि तेही ह्याच महाराष्ट्रात. पुण्यात अपलिफ्ट नावाचं काम २००३ सालापासून आहे. वस्तीतल्या बायांनी वर्गणी काढून आरोग्य निधी केला. कुणाच्या आजाराला किती द्यायचे हे सभासदच बसून ठरवतात. विमा कंपनीचा सूटवाला ठरवत नाही. बाईनं कागद आणला नसेल पण बायांना ठाऊक असतं की ही खरंच चार दिवस पडून होती. वर्ध्याकडं सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलनं त्याहून जुना मार्ग काढला. पीक निघालं की गावानं ज्वारी घालायची, ज्याची जमीन जास्त त्यानं जास्त, भूमिहीनानं थोडी, आणि त्यावर वर्षभराचा दवाखाना. ह्यात मला काय आवडतं? तिथं जमीनदार आणि मजूर एकाच वर्गणीचा वाटा भरत नाहीत. ज्याचं कोठार भरलेलं, त्याला ते जास्त उघडावं लागतं. आमच्या फलकावरच्या योजनेत मात्र कोठारवाला कुठं दिसतच नाही. बाराही जणी भूमिहीन. भूमिहीनांनी भूमिहीनांचा विमा काढायचा! बारा उपाशी माणसांनी पाळीपाळीनं एकमेकांना जेवण घालावं, तसला प्रकार.

माहुलचं कोठार कुणाचं आहे, हे चिमणीकडं बघितलं की कळतं.

इथं बाबासाहेबांचं एक काम सांगते. आपल्या भाषणांतून ते फार कमी वेळा येतं. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा द्यायचं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले, आणि त्यांनी मांडलं की ह्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा, कारण बाईचं बाळंतपण हे देशाच्या हिताचं काम आहे. १९२९ साली कायदा झाला. बाळंतिणीनं आधी बचत करावी, असं ते म्हणाले नाहीत. पुढं ते मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली, त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. त्याचा आजचा हिशोब पाठ करून ठेवा. २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. आमचा पाऊण, त्याचा सव्वातीन. म्हंजे चौपटीहून जास्त. आणि त्यात नुसतं ऑपरेशन नाही, साधी खोकल्याची गोळीसुद्धा मिळते, आजारपणात बुडालेल्या रोजाचे पैसेही मिळतात.

मग भांडीवाल्या बाईला ईएसआय कां नाही? कारण तिचा एक मालक नाही, पाच मालकिणी आहेत, आणि कायद्याला दहा कामगारांची जागा लागते. कचरा वेचणारीचा तर मालकच सापडत नाही. बाबासाहेबांनी मालकाच्या गळ्यात बांधलेली घंटा आता सोडवून बायांच्या गळ्यात बांधतायत, आणि वर तिला सक्षमीकरण म्हणतायत. मालकाचे सव्वातीन कुठं गेले, हा प्रश्न विचारला की ताई म्हणतात, "तो विषय वेगळा." तो विषय वेगळा नाही ताई. विषय तोच आहे.

आणि पैसा नाही असं तर कुणीच म्हणू नये. २०१९ च्या सप्टेंबरात मुंबई हायकोर्टानं सांगितलं, की माहुलला आणखी कुणाला पाठवू नका, इथून जाऊ म्हणणाऱ्यांना महिन्याला १५ हजार भाडं आणि ४५ हजार डिपॉझिट द्या. तेही फुकटात मिळालं नाही, त्याआधी २०१८ च्या ऑक्टोबरपासून आमची माणसं विद्याविहारला फूटपाथवर बसली होती, थंडीत, पावसात, पोरांना घेऊन. मग २०२० च्या ऑगस्टात हरित लवादानं इथल्या चार कंपन्यांना २८६ कोटींची भरपाई लावली, हवा नासवल्याबद्दल. कंपन्यांनी त्या हुकुमाला आव्हान दिलं. माझ्या वहीत त्यातला एक रुपया जमा नाही. वहीवाली आहे म्हणून भागाकार करून बघितला. वसाहतीत १७ हजारांवर खोल्या आहेत. खोलीमागं दीड लाखाच्या वर रक्कम येते. एका बाईला शंभर-शंभर रुपयांनी तेवढे जमवायला सव्वाशे वर्षं लागतील. तोवर माहुलच्या हवेत कोण जगतंय?

पालिकेनं तर कमाल केली. जिथं माणसं पाठवू नका असं कोर्टानं सांगितलं, तिथल्या नऊ हजारांवर रिकाम्या खोल्या २०२५ साली विकायला काढल्या. कुणाला? आपल्याच तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या नोकरांना. चौथी श्रेणी म्हंजे कोण हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. झाडू मारणारा, गटारात उतरणारा. किंमत १२ लाख ६० हजार. आधी आम्हाला फुकट कोंबलं, आता आमच्याच भावबंदांना कर्ज काढून कोंबायचं. हवा तीच, फक्त आता तिचा हप्ता आलाय.

आपल्या शिकलेल्या पोरापोरींना दोन शब्द. तो फलक लावायला आलेली पोरगी आपलीच होती. जयभीम केला तिनं मला. समाजकार्यात एमए, गळ्यात संस्थेचं कार्ड. पोरगी वाईट नाही, तिलाही पोट आहे, कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं आहे. पण तिला मी विचारलं, "बाय, तुझ्या संस्थेत तुझा पीएफ, तुझा दवाखाना कोण भरतं?" ती म्हणाली, "संस्था भरते." मग आमचाच कां आम्ही भरायचा? ती गप्प झाली. गप्प बसण्यासाठी बाबासाहेबांनी शिकायला नव्हतं सांगितलं.

आता आमचं म्हणणं. आरोग्य निधी आम्हाला पाहिजे. पण तो आमच्या वहीत राहील, कंपनीच्या मशीनमध्ये नाही. त्यातून रिक्षा, एक्स-रे, पंप आणि बुडालेला रोज द्यायचा, बिनव्याजी, आणि कुणाला किती ते गटाच्या बैठकीत ठरायचं. आजारपणाच्या कर्जाला कुणाचीही हमी नाही, एकीचीही नाही आणि बाराजणींचीही नाही. आम्ही पाऊण भरतो, सव्वातीन आणा, कंपन्यांकडून आणा, पालिकेकडून आणा, आम्ही मोजून घेऊ. वसाहतीत डॉक्टर पाहिजे तो संध्याकाळी, बाया कामावरून परततात तेव्हा. सकाळी दहाला येऊन एकला जाणारा डॉक्टर रिकाम्या खोल्यांना तपासतो. आणि वहीत मी आता आणखी एक रकाना आखलाय. कोण, कुठल्या तारखेला, कशानं आजारी पडली, किती रोज बुडाले, त्या रात्री वास होता की नव्हता. कर्ज फेडलं जाईल तेव्हा ती ओळ खोडली जाते. ही खोडायची नाही. पुढच्या वेळी कोर्टात केईएमचे आकडे जातील, त्याच्या शेजारी आमची वहीही जाईल.

ज्यांच्या वस्तीत असा कागद आलाय, मग ती मानखुर्द असो, वाशी नाका असो, नाहीतर गावाकडं असो, त्यांनी सही करायच्या आधी मागचं पान वाचून घ्या. पुढच्या पानावर हसणारी बाई असते, मागच्या पानावर अट असते. सामुदायिक हमी, संयुक्त जबाबदारी, गटाचं दायित्व, ह्यांतला कुठलाही शब्द दिसला तर पेन खाली ठेवा. वाचता येत नसेल तर कागद घेऊन माहुलला या. रविवारी मी घरी असते. दुपारी दोननंतर या, त्याआधी पाणी भरायचं असतं.